'ऑल्टर्ड डॉमिनंट'ला 'विकृत' म्हणावं का?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते लहानपणी पेटी शिकले, आता मित्रांबरोबर जॅझ वाजवतात. 'ऑल्टर्ड डॉमिनंट' कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर, ऑल्टर्ड म्हणजे त्यातले काही बदललेली) 'विकृत वादी स्वरसंघात' म्हटलं तर चालेल का, आणि चाल समोर असताना तिचा नेमका कोणता प्रकार धरायचा हे मराठीत सांगता येईल का, असं ते विचारतात.

'वादी' आधी बाजूला काढू. वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर, तो रागाचा असतो. यमनचा गंधार, भूपचाही गंधार. डॉमिनंट म्हणजे चाल कुठलीही असो, पाचव्या स्वरावर उभी राहणारी आणि सा-च्या कॉर्डकडे ओढ लावणारी कॉर्ड. दोघांचा काही संबंध नाही.

'विकृत'चं प्रकरण जास्त गमतीचं आहे. बोलण्यात हा शब्द आला की पाठोपाठ पोलीस येतात, पण संगीतात तो जुना आणि अगदी सभ्य. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त ७ शुद्ध आणि १२ विकृत स्वर सांगितले. त्या बारांत षड्ज आणि पंचमाचेही प्रकार आहेत. सा आणि प अचल, म्हणजे कधीच न बदलणारे, ही व्यवस्था नंतरची. आज आपण विकृत म्हणतो ते रे, ग, ध, नी कोमल आणि म तीव्र, एवढेच पाच.

आता पेटी उघडा. पांढरी एक सा धरा. डॉमिनंट पांढरी पाचवर येते, जी सेवन: प, नी, रे, म. यातले नी आणि म हे कॉर्डचा प्राण. नी वर सा-कडे सरकतो, म खाली ग-कडे, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. फेरफार होतो तो कॉर्डच्या पाचवीत आणि नववीत (कॉर्डचा मूळ स्वर, इथे प, पहिला धरून मोजलेले पाचवा आणि नववा सूर), म्हणजे इथे रे आणि ध यांत. दोन्ही एकदा उतरवा, एकदा चढवा: काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच. उरते फक्त काळी तीन. ती लावलीत तर कॉर्डमधल्या म-शी भांडते आणि डॉमिनंटपणच जातं.

इथपर्यंत 'विकृत' चपखल बसतो, कारण ते चारही सूर आपले कोमल रे, ग, ध, नी आहेत. पण त्याच चालीत रे-च्या मायनर कॉर्डवर जाण्यासाठी ए सेवन (पांढरी सहावरची डॉमिनंट) आली, आणि जॅझमध्ये ती हमखास येते, की पंचाईत. पांढरी सहापासून मोजलं तर ए सेवनची चढवलेली नववी म्हणजे चक्क सा! आपला अचल षड्ज 'ऑल्टर्ड' ठरतो. उलट याच कॉर्डची तिसरी, काळी एक, म्हणजे आपला कोमल रे, तिला कोणी ऑल्टर्ड म्हणत नाही. विकृत आपण सा-पासून ठरवतो, ऑल्टर्ड त्या त्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: 'विकृत' नको. कॉर्डचं नाव 'ऑल्टर्ड'च राहू द्या, आत काय बदललंय ते 'उतरलेली नववी', 'चढलेली पाचवी' असं सांगा. कॉर्डच्या पाचवीला 'पंचम' तर चुकूनही म्हणू नका. जी सेवनची पाचवी रे आहे, आणि 'कोमल पंचम' असं बोलणाऱ्याकडे पुण्याच्या भारत गायन समाजात लोक कसे बघतील, ते सांगायला नको.

निवडीचं म्हणाल तर हुकूम चालीचा. जी सेवनवर चालीत कोमल ध असेल तर उतरलेली नववी आपोआप ठरली. कॉर्डमध्ये शुद्ध ध ठेवू नका. तो कोमल ध पुढे प-वर उतरला तर सोन्याहून पिवळं. चालीत कोमल नी असेल तर चढलेली नववी, पण शुद्ध नी खाली आणि कोमल नी वर ठेवा. अदलाबदल झाली तर नुसतं खटकतं. कोमल नी, कोमल ध, प अशी उतरण आली तर नववी आधी चढलेली, मग उतरलेली, असं चालीमागून जा. कोमल ग असेल तर शुद्ध रे कॉर्डमधून काढा. चालीत शुद्ध ग असताना मात्र पाचवी चढवू नका, दोन्ही गंधार घासतात. उतरलेली नववी त्याच्याखाली छान बसते. चाल मायनर असेल तर कोमल ग आणि कोमल ध मुळात घरचेच, तिथे ऑल्टर्ड कॉर्ड उपरी वाटत नाही. मेजरमध्ये ती मसाला म्हणून येते, तेव्हा हात आखडता बरा.

चालीत सा लांब धरलेला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. भांडण नी आणि सा-चं आहे, पाचवी-नववीचं नाही. तिथे कॉर्डमधला नी गाळून सा घ्यायचा, त्याला सस्पेंडेड म्हणतात. चाल नी-वर उतरली की मग काळ्या पट्ट्या आहेतच.

आणि हो, तुम्ही पत्रात 'अल्टर्ड' लिहिलंय. उच्चार 'ऑल्टर्ड' आहे, तसंच लिहा.