किल्ली दाजींकडे

"मॅडम, फ्लॅट पुण्यात, आम्ही बाहेर. भाडेकरू तसा चांगला आहे, पण जिवाला स्वस्थता नाही." मी समुपदेशक आहे. माझ्याशी कोणी नागपूरहून बोलतं, कोणी दुबईहून, पण वाक्य तेच. इतक्यांदा ऐकलं, म्हणून त्यातला एक अनुभव लिहिते. ज्यांचा आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

अभिजित म्हणू या त्याला. बेंगळुरूत नोकरी, वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, कर्जाचे हप्ते चालू. जूनमध्ये त्याच्या बाथरूममुळे खालच्या घराच्या छताला ओल आली. खालचे काका सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्या डागाचा फोटो टाकायचे. रात्री अकराला भाडेकरूचा व्हॉइस मेसेज वाजला, "सर, गीझरखाली पुन्हा पाणी आलंय," की अभिजितची झोप उडालीच. सुरुवातीच्या दोन-तीन ऑनलाइन भेटी आम्ही भाडेकरूबद्दलच बोललो. मग मी विचारलं,

"प्लंबर कोण आणतं?"

"दाजी. ताईचे मिस्टर. किल्लीही त्यांच्याकडेच असते."

"दुरुस्तीला किती खर्च झाला?"

तो गप्प झाला. "त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"का?"

"जावई आहेत हो आमच्या घरचे. त्यांच्याकडे हिशेब कसा मागू?"

इथे मी थांबले. काळजी ज्या माणसाकडे बोट दाखवते, तिचं मूळ बहुतेकदा दुसऱ्याच कोणाशी न झालेल्या बोलण्यात असतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. भाडेकरूला अभिजित खडसावू शकत होता. दाजींपुढे त्याची जीभ उचलत नव्हती.

पुढच्या भेटीत त्याला म्हटलं, "समोरच्या खुर्चीत जाऊन बस. तू आता दाजी आहेस. अभिजितबद्दल जी तक्रार आहे ती मला सांग."

तो हसला, अवघडला, मग उठला. स्क्रीनवर थोडा वेळ नुसती रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टाकलेला टॉवेल दिसत होता. मग बाजूने आवाज आला, आधी चेष्टेचा, हळूहळू वेगळाच.

"आठवड्यात एक रविवार मिळतो. सकाळी हडपसरहून वाकडला जायचं, प्लंबरची वाट बघायची, वर त्या काकांची बोलणी खायची. आणि हा एकदाही म्हणत नाही, दाजी, तुम्हाला त्रास होतोय का? मी नाही म्हटलं तर बायको म्हणणार, माझ्या भावाचं एवढंही करवत नाही."

मी काहीच बोलले नाही. दोन मिनिटांनी अभिजित स्वतःच्या खुर्चीत परतला. डोळे भरले होते. "मॅडम, मला वाटत होतं मी त्यांचा मान ठेवतोय. त्यांना तर यातून सुटायचंच असेल."

ही दोन मिनिटं मी जपून ठेवली आहेत. मी तेव्हा मध्ये बोलले असते तर ते वाक्य त्याचं राहिलं नसतं.

त्याने त्याच रात्री फोन केला. "दाजी, माझ्यामुळे तुमचे रविवार गेले. खर्च किती झाला तेही सांगा." पलीकडून आधी नको-नको झालं, मग साडेचार हजारांचा आकडा आला.

लांबच्या घरमालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नातेवाइकाला फुकटचा केअरटेकर करू नका. घराकडे बघायला पैसे देऊन माणूस नेमा, म्हणजे त्याला संकोच न करता विचारता येतं. किरकोळ दुरुस्ती, समजा 2000 रुपयांपर्यंतची, भाडेकरूने स्वतः करून बिलाचा फोटो पाठवावा आणि भाड्यातून वळती करावी, हे करारातच लिहा. रात्रीचे निम्मे मेसेज तिथेच थांबतात.

आणि करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत लागतो, 11 महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावत असेल तर विचारा. हे कागद म्हणजे भाडेकरूवरचा अविश्वास नव्हे. जे मनात धरून बसायला लागतं, ते कागदावर उतरतं.

अभिजितने सोसायटीतल्याच एका निवृत्त गृहस्थांना महिन्याला ठरावीक रक्कम देऊन घराकडे बघायला सांगितलं. भाऊबीजेला तो ताईकडे गेला. ओवाळणं झालं, जेवणं झाली. निघताना दाजींनी शर्टाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या हातात ठेवला आणि चपला घालता घालता विचारलं, "गीझर आता गळत नाही ना रे?"