चरबीतून निघणाऱ्या हार्मोन्सचा बोन मॅरोतल्या स्टेम सेल्सवर काय परिणाम होतो?

तुम्ही विचारलंय की जाड माणसाची हाडं वजनाचा भार पेलून मजबूत होतात, मग चरबीचे हार्मोन हाडांना वाईट असं का म्हणतात. भाराचं बरोबरच आहे, पण मॅरोत, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गाभ्यात, वेगळाच हिशोब चालतो.

मॅरोत रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात अशा मूळ पेशी) असतात आणि दुसऱ्या असतात मेझेन्कायमल, या दुसऱ्यांपासून हाड बनवणाऱ्या पेशीही होतात आणि चरबीच्या पेशीही, त्यामुळे एका बाजूला जास्त वळल्या की दुसरीकडे कमी पडतात. पीपीएआर-गॅमा नावाचं प्रोटीन चालू झालं की कल चरबीकडे. डायबेटिसचं रोसिग्लिटाझोन हे औषध नेमकं त्यालाच चालू करतं, साखर उतरते खरी पण ते घेणाऱ्या बायकांमध्ये फ्रॅक्चर जास्त दिसले.

आता लेप्टिन, म्हणजे चरबीतून निघणारं एक हार्मोन. हे १९९४ मध्ये सापडलं, अंगावर चरबी जितकी जास्त तितकं रक्तात जास्त. गंमत म्हणजे १९९९ मध्ये प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये माणसाच्या मॅरोतल्या पेशींना लेप्टिन दिलं तर त्या हाडाकडे वळल्या, आणि पुढच्याच वर्षी उंदरांवर दिसलं की तेच लेप्टिन मेंदूमार्फत हाड बनणं कमी करतं! मग २०१६ मध्ये उंदरांच्या पायातल्या मेझेन्कायमल पेशींमधून लेप्टिनचा रिसेप्टरच (त्याचा संदेश पकडणारा पेशीचा भाग) काढून टाकला, तर तिथे हाड वाढलं, मॅरोतली चरबी घटली आणि फ्रॅक्चरसुद्धा लवकर भरलं, म्हणजे जिवंत शरीरात लेप्टिन या पेशींना चरबीकडे ढकलत होतं. मला विचाराल तर डिशपेक्षा या प्रयोगावर जास्त भरवसा ठेवावा, तरी उंदीर तो उंदीरच, हेही लक्षात असू द्या.

ॲडिपोनेक्टिन या चरबीच्याच दुसऱ्या हार्मोनचं उलटं आहे, जाड माणसात ते कमी असतं. उंदरांमध्ये ते रक्ताच्या स्टेम सेल्सची संख्या वाढवायला मदत करतं असं दिसलंय.

आणि चरबी कमी म्हणजे हाडं चांगली असंही समजू नका हं. ॲनोरेक्सियात माणूस खाणं सोडून हाडाचा सापळा होतो, अंगावरची चरबी जाते पण मॅरोतली चरबी उलट वाढते, ती स्वतःच ॲडिपोनेक्टिन सोडते, आणि हाडं मात्र ठिसूळ होत जातात, कारण तोवर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोनही खाली गेलेलं असतं.