गोंदणापासून सुरुवात करू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या लेखाचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत जाणवते. पण ‘एमएस-१३’ म्हणजे ‘मारा साल्वात्रुचा’ टोळीवरचा तुझा लेख चेहराभर गोंदलेल्या माणसाच्या वर्णनाने सुरू होतो, आणि मी तिथेच अडलो. उमेदवारीच्या दिवसांत मुंबईतल्या टोळीयुद्धाच्या बातम्या लिहिताना मीही टोपणनावं आणि पिस्तुलं रंगवत बसायचो. त्या पोरांचे बाप कुठल्या बंद गिरणीतून घरी बसले होते, हे विचारायचं राहून गेलं. त्याची रुखरुख अजून आहे.

तू मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशापासून सुरुवात कर. १९८० ते १९९२ तिथे यादवी युद्ध चाललं, सुमारे ७५,००० माणसं मेली. लष्कराला पैसा आणि शस्त्रं अमेरिका पुरवत होती, आणि त्याच युद्धातून पळून आलेल्यांना आश्रय नाकारत होती. १९८४मध्ये तिथल्या शंभर अर्जदारांपैकी तिघांनाही आश्रय मिळाला नाही. ही कुटुंबं लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन भागात, मॅकआर्थर पार्कच्या आसपास दाटीवाटीने राहिली. त्या वस्त्यांत आधीपासून टोळ्या होत्या, आणि नव्या मुलांना त्यांचा मार खावा लागे.

या मुलांनी आपलं टोळकं केलं. ‘मारा’ म्हणजे तिकडच्या बोलीत मित्रांचा कंपू. लांब केस, गांजा आणि हेवी मेटल संगीत. सुरुवातीच्या नावात ‘स्टोनर्स’, म्हणजे गांजेकस, हा शब्दही होता. तर्जनी आणि करंगळी उभारून केलेल्या शिंगांना तू ‘सैतानपूजेची खूण’ म्हटलं आहेस. ते वाक्य काढ. ती खूण मेटलच्या चाहत्यांकडून आली, आणि हिंसा वाढली तसा तिचा अर्थ काळवंडत गेला.

१३ हा आकडा त्याहून नंतरचा. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत ‘मेक्सिकन माफिया’ या कैद्यांच्या टोळीचा दरारा होता, आणि ‘एम’ हे इंग्रजीतलं तेरावं अक्षर. आत गेल्यावर संरक्षण हवं, तर बाहेरच्यांनी खंडणीचा वाटा पोचवायचा. म्हणजे ज्याला तू टोळीचा अभिमान म्हणतेस, तो आकडा खरं तर मांडलिकत्वाचा आहे. तुझ्या लेखात हे कुठेच नाही.

सगळ्यात जास्त जागा प्रसाराला दे. तू लिहितेस, ‘टोळीने मध्य अमेरिकेत हातपाय पसरले’. हे वाक्य मला पटत नाही, कारण पसरवण्याचं मोठं काम हद्दपारीने केलं. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने हद्दपारीला पात्र गुन्ह्यांची यादी खूप वाढवली. तान्हेपणी अमेरिकेत आलेली, घरापेक्षा रस्त्यावर वाढलेली पोरं युद्धाने मोडलेल्या देशात नेऊन सोडली गेली. तिथे ना ओळख, ना काम, आणि पोलीस दल नुकतंच नव्याने उभं राहिलेलं. लॉस एंजेलिसची ‘एटीन्थ स्ट्रीट’ टोळी आणि तिच्याशी असलेलं वैरही त्यांच्याबरोबरच गेलं.

२००३मध्ये एल साल्वादोरच्या सरकारने ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हाताचं धोरण आणलं. अंगावरचं गोंदण दिसलं तरी अटक होऊ लागली. मग टोळ्यांनी गोंदून घेणंच कमी केलं. कैद्यांना टोळीनिहाय वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवलं, तर विखुरलेले म्होरके एका छताखाली आले आणि तिथूनच सूत्रं हलवू लागले. तुझ्या पहिल्या परिच्छेदातला तो गोंदलेला चेहरा कधीचा आहे, ते आता तपासून बघ.

२०२२च्या मार्चमध्ये तीन दिवसांत ८७ खून पडले आणि आणीबाणी आली. त्यानंतर खून झपाट्याने घटले हे खरं, आणि हजारो लोक खटल्याविना कोठडीत आहेत हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिही, एक वर आणि एक तळटीपेत असं करू नकोस.

पुढच्या मसुद्याची सुरुवात तिथल्या राजधानीच्या, सान साल्वादोरच्या विमानतळावर उतरलेल्या, मोडकं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलापासून करून बघ. रविवारपर्यंत पाठव, मी घरीच आहे.

तुझा,
काका