सांडपाणी शेतात सोडण्याआधी

अन्नप्रक्रिया कारखान्याचं सांडपाणी शेताला द्यायचं असेल, तर आधी पाणी तपासून घ्या, पाइप नंतर टाका. अहवालात नुसता एकूण नायट्रोजन बघून खूश होऊ नका. त्यातलं अमोनियम पिकाला लगेच लागू पडतं. सेंद्रिय भाग मात्र कुजल्याशिवाय पिकाच्या कामाचा नाही.

हिशोब सोपा आहे. लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर 1 लाख लिटरमधून 10 किलो मिळतो, म्हणजे जवळपास 22 किलो युरियाइतका. हेक्टरभर रानात एवढं पाणी जेमतेम 10 मिलिमीटर भरतं. आणि हो, तेवढं खत कमी करायला विसरू नका, नाहीतर जास्तीचा नायट्रेट विहिरीत उतरतो.

स्टार्च-साखरेचं पाणी फसवं. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. मला खरी धास्ती वाटते ती सोडियमची. यंत्रं धुवायचा कॉस्टिक सोडा याच पाण्यातून रानात येतो आणि माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते. म्हणून दरवर्षी मातीही तपासा.

दोन पाळ्यांच्या मध्ये वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून मातीत हवा खेळू द्या. कुबट वास सुटला तर पाणी लगेच बंद. कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी नकोच.