कॅथलिक शाळेतील उपमुख्याध्यापकाचे काम नेमके काय असते, आणि कॅथलिक नसलेल्याने ते पद घ्यावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅथलिक शाळेत अनेक वर्षे शिकवल्यावर आपल्याला उपमुख्याध्यापकपद देऊ करण्यात आले आहे, आपण स्वतः कॅथलिक नाही, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्याला सांगितले आहे की या पदावरच्या माणसाला वेळापत्रक लावणे, बदली तासिका वाटणे आणि उशिरा आलेल्या मुलांना दारात अडवणे याखेरीज काही काम नसते. हे खरे आहे का आणि पद स्वीकारावे का, असे आपण विचारता. सहकाऱ्याचे ते वाक्य मी जवळपास त्याच शब्दांत भर शिक्षकसभेत ऐकलेले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मीही कॅथलिक नाही, आणि एका धर्मसंघाने चालवलेल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत उपमुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापिका त्या संघाच्या सिस्टर असत आणि काही वर्षांनी त्यांची बदली होई. नव्या सिस्टर येत, तेव्हा कोणते पालक कोणत्या कारणाने दुखावलेले आहेत, कोणत्या मुलाचे शुल्क गुपचूप कोण भरते, कोणत्या दोन शिक्षकांना एकाच परीक्षागृहात पर्यवेक्षणाला ठेवू नये, हे सारे त्यांना सांगणारा माणूस शाळेत एकच उरलेला असे. धर्मसंघाच्या शाळेत उपमुख्याध्यापकाचे हे काम नेमणूकपत्रात कधीच लिहिलेले नसते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे असते. परीक्षा, हजेरी, शिक्षकांच्या रजा, पालकांच्या तक्रारी, नव्या शिक्षकांच्या तासिकांचे निरीक्षण ही बाकीची कामे कोणत्याही शाळेत असतात तशीच असतात आणि ती आपल्याला ठाऊक आहेत.

आता वेळापत्रकाविषयी. वेळापत्रकाला जे क्षुल्लक समजतात, त्यांनी ते कधी लावलेले नसते. शाळेच्या माहितीपुस्तिकेत ध्येयवाक्य कितीही सुंदर छापलेले असो. मूल्यशिक्षणाची तासिका आठवड्याच्या अगदी शेवटी टाकली आहे का, ती तयारी करून येणाऱ्या शिक्षकाकडे आहे की ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात मारली आहे, आणि क्रीडास्पर्धांच्या सरावाला वेळ हवा असला की सर्वांत आधी कोणती तासिका कापली जाते, एवढे पाहिले की ती शाळा स्वतःविषयी खरोखर काय मानते ते कळते. हे तिन्ही निर्णय उपमुख्याध्यापकाच्या टेबलावर होतात.

आमच्या शाळेत, अशा अनेक शाळांत असते त्याप्रमाणे, दोन तासिका समांतर चालत. कॅथलिक मुले त्या वेळी धर्मशिक्षणाला जात आणि उरलेली मुले, जी संख्येने बरीच अधिक होती, मूल्यशिक्षणाला बसत. एका वर्षी परीक्षेच्या आधीच्या सत्रात सिस्टर आपल्या संघाच्या महासभेसाठी परदेशी गेल्या आणि कारभार माझ्याकडे आला. त्या गेल्या न गेल्या तोच आमचे गणिताचे शिक्षक शेवटच्या वर्गाच्या पालकांचे सह्यांचे पत्र घेऊन माझ्या खोलीत आले. या दोन्ही तासिका परीक्षेपर्यंत बंद कराव्यात आणि तो वेळ गणित व विज्ञानाला द्यावा, अशी मागणी होती. पत्रावरच्या पहिल्या सह्या कॅथलिक पालकांच्या होत्या, हे मला आजही विशेष वाटते.

मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी शिक्षकसभेत गणिताचे शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हा धर्माचा प्रश्न नाही, निकालाचा आहे. आणि आपण तर कॅथलिकही नाही, मग आपल्याला एवढा कळवळा कशासाठी? उपमुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावावे, बदली तासिका वाटाव्यात, मुले वेळेवर येतात का ते पाहावे. शाळेचे ध्येय ठरवणारे दुसरे आहेत." काही जण हसले. मी म्हणालो की, ध्येय ज्यांनी ठरवायचे त्यांनी ते ठरवलेले आहे, आणि ते वेळापत्रकातून पुसून टाकण्याचा अधिकार मला नाही, तसा तो आपल्यालाही नाही.

प्रकरण तिथे थांबले नाही. व्यवस्थापक फादरांचा फोन आला. त्यांनी सौम्यपणे, पण नेमका कायद्यावर बोट ठेवून सांगितले की, चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेच्या, म्हणजे कॅनन लॉच्या, ८०६ व्या कलमात कॅथलिक शाळांच्या संचालकांवर अशी जबाबदारी टाकलेली आहे की त्यांच्या शाळेतील शिक्षणाचा दर्जा परिसरातील इतर शाळांहून कमी असता कामा नये. हे कलम खरोखरच तसे आहे आणि ते मला मान्यही आहे. धर्माच्या नावाखाली कच्चे गणित शिकवणाऱ्या शाळेचे समर्थन मी कधी केलेले नाही. परंतु मी त्यांना आठवण करून दिली की, व्हॅटिकनच्या १९९७ च्या धर्मशिक्षणविषयक सर्वसाधारण मार्गदर्शिकेत शाळेतील धर्मविषयक अध्यापन हे इतर विषयांइतक्याच पद्धतशीरपणे आणि इतक्याच काटेकोरपणे व्हावे असे म्हटलेले आहे, आणि ज्या विषयाची तासिका परीक्षा जवळ येताच रद्द होते, तो विषय इतर विषयांइतका काटेकोरपणे शिकवला जातो असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे? फादर क्षणभर गप्प राहिले, मग हसून म्हणाले, "सर, तुम्ही आमच्याहून जास्त वाचता." मी त्यांना विनंती केली की, आदेश द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा, मी त्याच दिवशी अंमलात आणीन. तो कागद कधी आला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा गणिताच्या शिक्षकांनीही मांडला नाही आणि फादरांनीही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहे. मग तेच आईवडील सह्या करून काही मागत असताना शाळेने आडवे का यावे, असे कोणी विचारले असते तर मला अधिक विचार करावा लागला असता. माझे उत्तर असे असते की, पालकांनी मुलांना या शाळेत घातले तेव्हाच तिचे स्वरूप स्वीकारले होते, आणि ते स्वरूप एका परीक्षेपुरते गुंडाळून ठेवायचे असेल तर तसे उघडपणे माहितीपुस्तिकेत छापावे.

मार्ग मी काढला तो वेगळा होता. सकाळची प्रार्थना सुरू होण्याआधी गणिताची जादा तासिका ठेवली. वर्ग उघडणे आणि हजेरी घेणे माझ्याकडे, शिकवणे त्यांच्याकडे. ते एकही दिवस चुकले नाहीत, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. निकाल दरवर्षीसारखाच लागला. त्यांच्या मते तो सकाळच्या तासिकांमुळे टिकला, माझ्या मते मूल्यशिक्षणाच्या तासिका ठेवूनही घसरला नाही, आणि या विषयावर आमचे एकमत आजतागायत झालेले नाही. सिस्टर परत आल्यावर त्यांनी माझे टिपण वाचले, "बरे केलेत" असे म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने ती तासिका आठवड्याच्या शेवटच्या तासाला नेऊन ठेवली. यावर मी त्यांच्याशी काही बोललो नाही, पण ते मला पटलेले नाही.

सहकाऱ्याने सांगितलेले तिसरे काम म्हणजे दारात उभे राहण्याचे. शिस्त उपमुख्याध्यापकाकडे असते, आणि या बाबतीत कॅथलिक शिक्षणाच्या इतिहासातच दोन परस्परविरुद्ध नमुने आहेत. जेझुइट म्हणवल्या जाणाऱ्या येशूसंघीयांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत, म्हणजे रातिओ स्तुदिओरुममध्ये, अभ्यासावर देखरेख करणाऱ्या प्रीफेक्टचे पद आहे, आणि ज्या मुलांवर शब्दांचा परिणाम होत नाही त्यांना शिक्षा करण्यासाठी संघाबाहेरचा एक वेगळा माणूस नेमण्याची तरतूदही आहे, म्हणजे संघातल्या कोणाला मुलावर हात उगारावा लागू नये. सेलेशियन संघाचे संस्थापक डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये मांडलेल्या प्रतिबंधक पद्धतीत याच्या नेमके उलट सांगितले आहे: शिक्षकाने मुलांमध्ये सतत वावरावे, म्हणजे चूक घडण्याआधीच ती टळेल; शिक्षा करावीच लागली तर अगदी विरळा अपवाद सोडून ती इतर मुलांसमोर करू नये; आणि मारणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे.

बहुतेक शाळा भिंतीवर डॉन बॉस्को लावतात आणि उपमुख्याध्यापकाला त्या बाहेरच्या माणसाच्या जागी उभे करतात. वर्गशिक्षकाला ज्याचा कंटाळा आला आहे, असे प्रत्येक मूल आपल्या दाराशी पाठवले जाते, आणि त्या मुलाविषयी काहीही माहीत नसताना आपण दहा मिनिटांत काहीतरी कठोर बोलावे अशी अपेक्षा असते. माझा नियम असा होता की, मुलाला पाठवणाऱ्या शिक्षकाने त्याच्यासोबत स्वतः यावे आणि मुलाच्या घरी कोण आहे, गेल्या महिन्यात त्याची हजेरी कशी होती, हे मला सांगावे. या एका अटीने माझ्या दाराशी येणारी मुले पुष्कळ कमी झाली. गणिताच्या शिक्षकांनी याही नियमाला विरोध केला होता.

आपण कॅथलिक नसण्याविषयी. हे देशादेशावर आणि धर्मप्रांतावर, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशावर, अवलंबून आहे. इंग्लंड व वेल्समध्ये मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षण विभागाचा प्रमुख ही तिन्ही पदे आचरणशील कॅथलिकांसाठी राखलेली असतात. तिथे आपला प्रश्नच उद्भवला नसता. आपल्याला पद देऊ केले आहे याचाच अर्थ आपल्याकडे तसा नियम नाही. व्हॅटिकनने २०२२ मध्ये कॅथलिक शाळेच्या ओळखीविषयी जी सूचना काढली, तीत इतर धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नेमणुकीच्या क्षणापासून शाळेचे कॅथलिक स्वरूप ओळखावे आणि त्याचा आदर राखावा, असे सांगितलेले आहे. एवढे आपल्याला जमणार असेल तर धर्म आड येऊ नये. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांची नेमणूक वा मान्यता हा कॅनन लॉप्रमाणे स्थानिक धर्माधिकाऱ्यांचा हक्क आहे, तेव्हा त्यात हात घालू नये. पण त्या शिक्षकांना वर्ग, वेळ आणि तयारीची सवड मिळते की नाही हे आपणच पाहायचे असते. त्याचबरोबर कोणावरही श्रद्धा स्वीकारण्याची बळजबरी करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या, वेळी इतर धर्मांच्या मुलांनी कुठे बसावे, त्यांना प्रतिसाद म्हणायला लावावे की नुसते शांत बसू द्यावे, हे प्रश्न आपल्याकडे येतील, आणि माझ्या मते शांत बसू देणे हेच योग्य आहे, एखाद्या उत्साही शिक्षिकेला ते आवडले नाही तरी.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल की माझा सारा अनुभव धर्मसंघाच्या एकाच शाळेचा आहे. धर्मप्रांताच्या शाळेत व्यवस्थापन निराळे असते. अमेरिकेतील कित्येक कॅथलिक हायस्कुलांत देणग्या आणि बाहेरचे व्यवहार पाहणारा अध्यक्ष वेगळा आणि शाळा चालवणारा मुख्याध्यापक वेगळा असतो, आणि उपमुख्याध्यापकही एकाहून अधिक असू शकतात, एक अभ्यासाचा आणि एक विद्यार्थ्यांचा. ऑस्ट्रेलियातील कॅथलिक शाळांत धर्मशिक्षणासाठी स्वतंत्र समन्वयक असतो. अशा ठिकाणी मी वर लिहिलेले पुष्कळसे दुसऱ्याच्या टेबलावर होते.

होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. वेळापत्रकाचा अंतिम निर्णय कोणाचा, मुख्याध्यापक गैरहजर असताना आपले अधिकार कोठपर्यंत, आणि आपल्या स्वतःच्या शिकवण्याच्या तासिका किती कमी केल्या जाणार. तिसऱ्या गोष्टीबाबत संकोच करू नये. पूर्ण तासिका घेऊन हे पद सांभाळणारा माणूस दोन्हीकडे अर्धवट राहतो आणि दोष मात्र त्याच्या स्वभावाला दिला जातो. पगारातील वाढ थोडी असेल. त्यासाठी पद घेणार असाल तर घेऊ नका.

आणि आपल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना एकदा अवश्य विचारा की, मूल्यशिक्षणाची तासिका त्यांनी स्वतः शेवटची कधी घेतली. आमच्या गणिताच्या शिक्षकांना मी हाच प्रश्न त्या सभेत विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही, पण पुढच्या वर्षी मी ती तासिका त्यांच्या नावावर लावली, तेव्हा ते तक्रार घेऊन थेट सिस्टरांकडे गेले, आणि ती शेवटच्या तासाला सरकली ती त्यानंतरच.