वाचक विचारतात : एसीचा कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू का होतो?

प्रश्न : आमच्या 110 चौरस फुटांच्या झोपायच्या खोलीत दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी सहा वर्षांपासून आहे. गेल्या दिवाळीत खोलीत नवे फर्निचर करून घेतले. या एप्रिलपासून कॉम्प्रेसर चार-पाच मिनिटे चालतो, बंद होतो, तीन-चार मिनिटांनी पुन्हा सुरू होतो, आणि हे रात्रभर चालते. हवा गार येते, पण अंगाला चिकचिक जाणवते. मेकॅनिकने दोनदा गॅस भरूनही फरक पडला नाही. आता नवा एसी घ्यावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नवा एसी घेण्याची घाई करू नका, आणि तिसऱ्यांदा गॅसही भरू देऊ नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघूनच जाणार. शिवाय गॅस कमी झाल्याची लक्षणे वेगळी असतात : खोली गार होत नाही, कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहतो आणि आतल्या कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर) किंवा बारीक नळीवर बर्फ धरू लागतो. तुमच्याकडे हवा गार येते आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो, म्हणजे लक्षणे जवळजवळ उलटी आहेत.

कोणालाही बोलावण्यापूर्वी एका रात्री घड्याळ आणि कागद घेऊन बसा आणि कॉम्प्रेसर किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, याची तासभर नोंद करा. बाहेरच्या युनिटचा आवाज आत येत नसेल तर विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. मीटरवर विजेच्या एका युनिटमागे 3200 असा आकडा छापलेला असेल, तर घरातली फ्रिजसह बाकी सगळी उपकरणे बंद ठेवल्यावर, कॉम्प्रेसर चालू असताना हा दिवा सेकंदाला एक-दीड वेळा लुकलुकेल, आणि नुसता आतला पंखा चालू असेल तर वीस-बावीस सेकंदांतून एकदाच. उन्हाळ्यातल्या रात्री, योग्य आकाराचा साधा एसी एका खेपेस दहा-पंधरा मिनिटे चालावा आणि तासात दोन-तीनदा थांबावा, ही साधारण निरोगी चाल होय. तुमच्या वर्णनावरून हिशेब केला तर तुमचा कॉम्प्रेसर तासाला सात-आठ वेळा, म्हणजे आठ तासांच्या रात्रीत सुमारे साठ वेळा सुरू होतो.

हा साठचा आकडा मला चिंतेचा वाटतो, कारण कॉम्प्रेसरची झीज चालण्यापेक्षा सुरू होण्यात अधिक होते. सुरू होण्याच्या क्षणी मोटर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, वेटोळी तापतात, आणि तेल सगळीकडे पोहोचेपर्यंतचे पहिले क्षण कोरडे जातात. थांबल्यावर नळ्यांच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणूनच यंत्रात सुमारे तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती ठेवलेली असते. तुमचा एसी जवळजवळ ती विश्रांती संपताच पुन्हा उठतो आहे.

आता तुमच्या पत्रातल्या, तुम्ही सहज लिहिलेल्या वाक्याकडे वळतो : दिवाळीत नवे फर्निचर केले. खोली किती गार झाली हे एसीला कळते ते आतल्या युनिटच्या कॉइलसमोर, जाळीमागे बसवलेल्या तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या सेन्सरमुळे. पलंगाशी काय तापमान आहे हे त्याला ठाऊक नसते; युनिटमध्ये परत येणारी हवा किती गार आहे, एवढेच तो सांगतो. स्प्लिट एसी वरच्या बाजूने हवा ओढतो आणि खालून सोडतो. सुताराने माळा, पेल्मेट किंवा फॉल्स सीलिंगची पट्टी युनिटला चिकटवून आणली असेल, किंवा कपाटाची बाजू हवेच्या वाटेत आली असेल, तर खालून निघालेली गार हवा खोलीभर न फिरता तिथल्या तिथे वळून वर ओढली जाते. सेन्सरला वाटते की खोली 24 अंशांवर आली, आणि तो कॉम्प्रेसर थांबवतो. पलंगापाशी तेव्हा 28 अंश असू शकतात. तुमच्याकडे हेच झाले असावे, अशी माझी दाट शंका आहे. खात्री करणे सोपे आहे : एक साधा तापमापक पलंगाजवळ आणि दुसरा युनिटच्या वरच्या जाळीजवळ ठेवा, आणि कॉम्प्रेसर थांबताच दोन्ही वाचा. तीन-चार अंशांचा फरक दिसला तर दोष लाकडाचा आहे, यंत्राचा नाही. युनिटच्या वर किमान 15 सेंटीमीटर आणि समोर पूर्ण मोकळी जागा करून घ्या. काही रिमोटमध्ये ‘आय फील’ नावाची सोय असते, तिच्यामुळे रिमोटमधला सेन्सर वापरला जातो. ती असेल तर रिमोट उशाशी ठेवून पाहा. तापमान 18 वर लावल्याने कॉम्प्रेसर अधिक वेळ चालेल हे खरे, परंतु ते सेन्सरच्या चुकीवर पांघरूण घालणे झाले, आणि पहाटे तुम्ही काकडत उठाल.

जागा मोकळी करूनही खेपा आखूडच राहिल्या, तर दुसरे कारण आकाराचे. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी क्षमता, आजच्या मापात सुमारे 3.5 किलोवॅट. वरच्या मजल्याची किंवा पश्चिमेच्या उन्हाची भिंत नसेल, तर 110 चौरस फुटांना एक टन सहसा पुरतो. दीड टनाचे यंत्र हवा झटपट गार करते, पण दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. हवेतले पाणी आधी कॉइलवर जमते, मग थेंब होऊन तळाच्या ताटात गळते, आणि त्याला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला आणि पंखा मात्र फिरत राहिला, की ओल्या कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीतच येते. तुमच्या चिकचिकीचे मूळ इथे आहे. यंत्र मुळात मोठे असले तरी पूर्वीची पाच वर्षे तुमचे निभावले, म्हणून आधी सुताराला बोलवा. पुढे कधी एसी बदलायची वेळ आली, तर एक टनाचा इन्व्हर्टर घ्या, कारण तो थांबण्याऐवजी वेग कमी करत चालत राहतो.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी दोननंतर आमच्या एसीचा कॉम्प्रेसर बंद पडतो. खोली गरमच असते, आतला पंखा चालू असतो, आणि अर्ध्या तासाने कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. बाहेरचे युनिट पत्रा आणि जाळी लावून बंद केलेल्या बाल्कनीत आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : खोली गार न होताच कॉम्प्रेसर थांबतो, तेव्हा तो स्वतःला वाचवत असतो. मोटर फार तापली की तिच्यावरचा संरक्षक तिचा वीजपुरवठा तोडतो, आणि ती निवल्यावरच जोडतो; तुमचा अर्धा तास हा निवण्याचा वेळ आहे. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून, आणि नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो. त्यात बाल्कनी बंद असल्याने युनिटने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढून घेते, म्हणजे त्याच्यासाठी बाहेर पन्नासहून अधिक अंश होतात. पंख्यासमोरचा पत्रा पूर्ण काढा. वरून सावली असू द्या, पण समोर आणि मागे हवा मोकळी हवी. मुख्य स्विच बंद करून मागच्या पात्यांमधली धूळ साध्या पाण्याने, बारीक धारेने धुऊन घ्या.

एवढ्याने भागले नाही तर मेकॅनिककडून कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, मोजून घ्या. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोजमाप बरेच कमी आले, तर मोटर जोर करून तापते आणि हा स्वस्त सुटा भाग बदलल्याने कॉम्प्रेसर वाचू शकतो. हे काम स्वतः करू नका. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार साठलेला असतो. दुपारी व्होल्टेज फार उतरते का, हेही पाहावे. आतला पंखाही बंद होत असता, तर मात्र मी प्रथम स्टॅबिलायझरकडे बोट दाखवले असते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. वीज-गॅस वाचवण्यासाठी न वापरायच्या तीन खोल्यांचे व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याचे झरोके, बंद केले. तेव्हापासून फर्नेसची (घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीची) ज्योत दोन-तीन मिनिटांत विझते, ब्लोअर फिरत राहतो, आणि ज्योत पुन्हा पेटते. पुण्याहून आईवडील हिवाळ्यासाठी आले आहेत, त्यामुळे काळजी वाटते.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बंद केलेले व्हेंट आजच उघडा. फर्नेसची उष्णता वाहून नेण्यासाठी ठरावीक हवा तिच्यातून जावीच लागते. ती अडली की आतला भाग मर्यादेपलीकडे तापतो आणि लिमिट स्विच ज्योत विझवतो. ब्लोअर फिरत राहतो तो याच कारणाने. बचत तर झालीच नाही, उलट वारंवार तापून-निवून उष्णता देणाऱ्या पत्र्याच्या पेटीला तडे जाऊ शकतात, आणि मग ज्वलनाचा वायू घरात शिरण्याचा धोका उद्भवतो. आईवडील झोपतात त्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि तो चालतो का, हे आधी तपासा.

त्याबरोबरच फिल्टर बदला. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो. ज्योत मिनिटांत न विझता पेटल्यावर काही सेकंदांतच विझत असती, तर दोष बहुधा ज्योत पेटली का हे ओळखणाऱ्या, काजळलेल्या फ्लेम सेन्सरचा असता. व्हेंट उघडून आणि फिल्टर बदलूनही ज्योत अशीच विझत राहिली, तर परवानाधारक तंत्रज्ञाला बोलावून आतल्या पेटीची तपासणी करून घ्या, आणि तोपर्यंत लिमिट स्विचला वळसा घालून फर्नेस चालवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मुळीच मानू नका.