वाचकांचे प्रश्न : सायकल शर्यतीतले डावपेच

प्रश्न : २०२२ च्या टूर द फ्रान्समध्ये युम्बो-विस्मा संघाचे रोगलिच आणि विंगेगार्ड एका टप्प्यात शेवटाला साठेक किलोमीटर असताना प्रतिस्पर्धी संघाच्या पोगाचारवर आळीपाळीने हल्ले करत, म्हणजे एकदम वेग वाढवून सुटायला बघत होते. तो दर वेळी त्यांना गाठत होता. मग त्यांनी साधलं काय? (नाशिक)

त्याने गाठावं, हेच त्यांना हवं होतं. १३ जुलैचा तो अकरावा टप्पा. टूरमध्ये सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकतो. सकाळी त्या बेरजेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी पोगाचारच्या अंगावर होती आणि विंगेगार्ड ३९ सेकंदांनी मागे होता. आदल्या आठवड्यात पडल्यामुळे रोगलिच त्याहून मागे होता, पण त्याच्याकडे दुर्लक्ष करावं इतका नाही. पेच इथेच होता. रोगलिच सुटला आणि पोगाचार जागचा हलला नाही, तर रोगलिचच टूर जिंकण्याच्या अंतरात येणार. पाठलाग केला, तर विंगेगार्ड त्याच्या चाकामागे, वाऱ्याच्या आडोशाला दम राखून येणार आणि रोगलिच हाती लागताच स्वतः सुटणार. पोगाचारच्या संघातले दोघे कोविडमुळे आधीच बाहेर पडले होते. गालिबिए घाटात मदतीला कोणी न उरल्यामुळे प्रत्येक हल्ल्याला त्यालाच उत्तर द्यावं लागलं.

आता शरीराचा हिशेब. एका लयीत चढताना स्नायूंना प्राणवायू पुरतो. हल्ला झाला की पंधरा-तीस सेकंद त्या मर्यादेच्या बरंच वर जावं लागतं. त्यासाठीचा साठा लहान असतो आणि तो भरून यायला काही मिनिटं सावकाश पॅडल मारावं लागतं. समोर दोघे आळीपाळीने सुटत असतील, तर ती मिनिटं मिळतच नाहीत. खाणंही मागे पडतं. अशा टप्प्यात ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, पण धाप लागलेली असताना जेल (पुडीतलं घट्ट साखरपाक) गिळणं जड जातं. चुकलेल्या घासाची किंमत तासाभराने मोजावी लागते.

गालिबिएच्या माथ्याजवळ पोगाचारने स्वतःच वेग वाढवला आणि विंगेगार्ड सोडून सगळ्यांना मागे टाकलं. तेव्हा तो अभेद्य वाटत होता. पुढचा ग्रानों घाट ११.३ किलोमीटरचा, सरासरी चढ ९.२ टक्के, माथा २,४१३ मीटरवर. शेवटच्या पाच किलोमीटरच्या आत विंगेगार्ड सुटला. यावेळी पोगाचारकडून उत्तर आलं नाही. जर्सीची चेन उघडी टाकून तो कसाबसा चढत राहिला. टप्प्यात २ मिनिटं ५१ सेकंद गेले, वर विंगेगार्डला विजयाचे १० बोनस सेकंद मिळाले, म्हणजे त्याच्या एकूण वेळेतून ते वजा झाले. संध्याकाळी पोगाचार एकूण क्रमवारीत २ मिनिटं २२ सेकंद मागे होता.

हा डाव साधायला दुसरा भिडू स्वतःची शर्यत सोडायला तयार हवा. मोव्हिस्टार संघाने २०१८ च्या टूरमध्ये किंताना, लांडा आणि वाल्वेर्दे असे तीन कर्णधार, म्हणजे ज्यांच्यासाठी बाकीच्यांनी खपायचं असे खेळाडू, उतरवले. शेवटी लांडा सातवा आणि किंताना दहावा आला. कोणासाठी कोण खपणार हे ठरलेलं नसेल, तर तीन हुकूम हातात असूनही डाव हरता येतो.

प्रश्न : पुढे निघून गेलेला सायकलपटू मध्येच वेग कमी करून आपल्याच संघाची वाट का पाहतो? (कोल्हापूर)

त्याला मुळात त्यासाठीच पुढे पाठवलेलं असतं. कर्णधार घाट उतरून खाली येतो, तेव्हा त्याचे सोबती बहुधा मागे पडलेले असतात आणि दरीतल्या सपाट रस्त्यावर एकट्याला वारा झेलावा लागतो. तिथे आपला माणूस भेटला, तर त्याच्या आडोशाने दम राखून पुढचा घाट गाठता येतो. २०२२ च्याच टूरच्या अठराव्या टप्प्यात विंगेगार्डचा सोबती व्हान आर्ट असाच पुढे गेला होता. ओताकामच्या चढावर विंगेगार्ड आणि पोगाचार त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर त्याने असा वेग लावला की पोगाचार मागे पडला. मात्र गणित नेमकं हवं. आघाडी फार मोठी असेल तर थांबून स्नायू गार पडतात, कमी असेल तर घाटातच गाठ पडून मदत वाया जाते.

प्रश्न : सपाट रस्त्यावर, चढ नसताना मोठे खेळाडू मिनिटांनी मागे कसे पडतात? (पणजी)

बाजूच्या वाऱ्यामुळे. वारा डावीकडून असेल, तर आडोसा पुढच्याच्या मागे उजवीकडे मिळतो, म्हणून तिरकी रांग लागते. रस्त्याच्या रुंदीत जेमतेम दहा-बारा जण मावतात. उरलेले उजव्या कडेला एकामागे एक, उघड्या वाऱ्यात. त्यातल्या एकाने दोन सायकलींचं अंतर सोडलं की त्याच्या मागचे सगळे तुटले. हा डाव टाकणारा संघ, जिथे वारा बाजूने लागू लागणार ते वळण येण्याआधीच सगळ्यांना पहिल्या विसांत आणतो. वळताच पहिला माणूस वाऱ्याच्या बाजूच्या कडेपासून थोडा आत चालवतो, म्हणजे आडोसा फक्त आपल्याच माणसांना पुरतो.

२०१३ च्या टूरच्या तेराव्या टप्प्यात, सेंत-आमाँ-माँत्रोंच्या वाटेवर, एकूण क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या वाल्वेर्देचं चाक नेमकं अशा वेळी निकामी झालं. सोबती मदतीला मागे थांबले, पण पुढच्या संघांना तो मागेच राहायला हवा होता. त्याची जवळजवळ दहा मिनिटं गेली. अशा वेळी सुटे भाग घेऊन मागून येणाऱ्या संघाच्या गाडीची वाट न पाहता जवळच्या सोबत्याचं चाक किंवा सायकलच घ्यावी. पुढे त्याच टप्प्यात साक्सो-टिंकॉफ संघाने एकदम झेप घेऊन गट फोडला आणि पिवळ्या जर्सीतल्या फ्रूमचेही १ मिनिट ९ सेकंद गेले.

प्रश्न : मोठ्या गटातून पुढे पळून गेलेल्यांना लगेच का पकडत नाहीत? (ठाणे)

पकडलं की नवे पळतात आणि पुन्हा पाठलाग करावा लागतो. टप्प्याच्या अखेरीस दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढता येतं, हा जुना ठोकताळा. तीस किलोमीटर उरले आणि आघाडी तीन मिनिटं असेल, तर ती नेमकी हद्दीवर आहे. वळणावळणाचा अरुंद रस्ता पळणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो, रुंद सरळ रस्ता आणि समोरचा वारा मोठ्या गटाच्या.

प्रश्न : पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी थांबण्याचा नियम आहे का? (पुणे)

नाही, रिवाज आहे. ओताकामच्याच टप्प्यात स्पांदेलच्या उतारावर पोगाचार घसरून पडला. विंगेगार्डने वेग कमी केला, आणि पोगाचारने जवळ येताच हात पुढे केला. पण बाजूच्या वाऱ्यात किंवा शेवटच्या चढावर शर्यत पेटलेली असेल, तर कोणी थांबेल अशी अपेक्षा धरू नये.